मालकाचं सोंग

रोवणीच्या दिवसांत रत्नमाला मेश्रामच्या कमरेला एक कापडी चंची खोचलेली असते. पाहणाऱ्याला वाटतं, बाई तंबाखू खाते. एकोडी गावातल्या एका-दोघींनी ‘चिमूटभर दे ना वो’ म्हणून हातही पुढे केलेला आहे. पण चंचीतून निघतात ते पाच अर्धे चिंचोके. भाजून, फोडून, दगडावर घासून गुळगुळीत केलेले. एका अंगाने तपकिरी, दुसऱ्या अंगाने पांढरे. या पाच चिंचोक्यांपायी तिच्या टोळीचं अर्ध्या हंगामाचं काम जायची वेळ आली होती, आणि तरी तिने ते कमरेचे सोडले नाहीत.

टोळी म्हणजे रोवणीची टोळी. धानाची रोपं, ज्यांना आपल्याकडे पऱ्हे म्हणतात, ती उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लावायची. बायका पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून जातात आणि दिवसभर कमरेत वाकून, मागे मागे सरकत, हिरव्या ओळी पुढे सोडत येतात. ही टोळी जमवायची, मालकाशी बोलायचं, कोण आजारी, कोणाचं लेकरू तापलं, हे सगळं पाहायचं काम रत्नमालाचं. आवाज खणखणीत, चालणं तरातरा, आणि रागाचा पारा कायम अर्ध्यावर चढलेला. तिच्या आज्याने छप्पन्न साली दीक्षा घेतली. बाप बुधराम जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला, पण पोरीला सांगून गेला, “चिखलापुढं वाकाचं, बाई. मानसापुढं नाई.” बापाच्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी ती विसरली. ही विसरली नाही, आणि त्यामुळे तिचं बऱ्याच लोकांशी जमत नाही.

खेळ तिच्याकडे आला तो तिची भाची प्रेरणा हिच्यामुळे. प्रेरणा नागपूरला होस्टेलवर राहून शिकत होती, आणि लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद पडल्यावर गावी येऊन दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसायची. एकदा रत्नमालाने विचारलं, “काय करून राहिली वो तू दिवसभर?” पोरीने सांगितलं, एक खेळ आहे. त्यात प्रत्येकीने एक सोंग घ्यायचं. एक जण गोष्ट सांगते, बाकीच्या आपापल्या सोंगाने काय करतात ते बोलतात, आणि अडलं की फासा टाकतात. वीस बाजूंचा फासा असतो, आणि नियमांचं एवढं जाडजूड पुस्तक.

“पुस्तक ठेव तिकडं,” रत्नमाला म्हणाली. “खेळून दाखव.”

ओसरीवर टोळीतल्या चार-पाच जणी बसल्या. प्रेरणाने उत्साहाने सुरुवात केली. तुम्ही एका गुहेत आहात, समोर आग ओकणारा राक्षसी साप आहे, आणि त्याच्यामागे सोन्याचा ढीग आहे. काय करता?

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. “सोनं कोनाचं हाय?” गीताबाईने विचारलं. गीताबाई म्हणजे रत्नमालाची जाऊ, टोळीतली सगळ्यात व्यवहारी बाई.

“सापाचं.”

“मंग आपल्याले काय कराचं हाय त्याच्याशी? चला वो घरी.”

आणि सगळ्याच गुहेतून परत निघाल्या. प्रेरणाने कपाळावर हात मारून घेतला. अशा रीतीने पहिला डाव सुरू व्हायच्या आतच संपला, आणि त्या गोष्टीवर एकोडीत अजून हसतात. पण रत्नमाला रात्रभर त्याच विचारात होती. खेळ चांगला आहे, गुहा चुकीची आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिने पुस्तक बाद केलं. वीस बाजूंच्या फाशाच्या जागी चिंचोके आले. तीन किंवा जास्त पांढरे पडले तर म्हटलेलं घडतं, नाहीतर नाही. नुसतं ‘मी जिंकते’ म्हणायचं नाही, कशी ते बोलून दाखवायचं; बोलणं पटलं तर एक चिंचोका पुन्हा टाकायला मिळतो. सोंगाला नाव आपणच ठेवायचं आणि डाव चालू असेपर्यंत त्याच नावाने हाक मारायची. गोष्ट सांगणारी बहुतेक वेळा रत्नमालाच. गुहा गेली आणि तिच्या जागी न थांबणारी एसटी आली, रानडुकराने उकरलेली बांधी आली, तलावावर मासोळ्या धरू न देणारा ठेकेदार आला. सापाशी लढायला तयार नसलेल्या बायका एसटीच्या कंडक्टरशी अशा काही भिडल्या की ओसरीवर शेजारीपाजारी गोळा झाले.

शेवटचा नियम रत्नमालाने कसा काढला, ते तिलाही सांगता येत नाही. ज्याची तुला भीती वाटते, त्याचं सोंग तुलाच घ्यावं लागेल. एकदा तरी. सासूला भिणारीने सासू व्हायचं, सावकाराला भिणारीने सावकार. हा नियम कोणालाच आवडला नाही, आणि खेळात रंग भरला तो याच नियमाने.

रोवणी सुरू झाली तसा खेळ चिखलाच्या काठावर आला. दुपारच्या जेवणाचा एक तास असतो. जेवण आटोपायला कितीसा वेळ लागतो? भात, आंबाडीची भाजी, एखादीकडे सुकवलेली मासोळी. उरलेल्या वेळात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली, ओल्या मातीत काडीने नकाशा ओढून डाव मांडायचा. यात एक गोष्ट घडली, जिच्यासाठी रत्नमाला कोणाशीही भांडायला तयार झाली. त्याआधी या टोळीच्या दोन सावल्या होत्या. बौद्ध घरच्या बायका बाभळीखाली बसायच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या आणि बाकीच्या मोहाखाली. कोणी बसा म्हटलं नव्हतं, कोणी उठा म्हटलं नव्हतं, बसत आल्या म्हणून बसायच्या. पण डाव गोल बसल्याशिवाय होत नाही, आणि दोन सावल्यांत एक गोल बसत नाही. आठ-पंधरा दिवसांत बाभळीखालचं गवत वाढलं. याबद्दल कोणी काही बोललं नाही. रत्नमाला मात्र रोज ते गवत पाहून घ्यायची.

त्या वर्षी, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या रोवणीला, टोळी दरवर्षीसारखी सानगडीला भुपेंद्रच्या शेतात होती. भुपेंद्र हा चाळिशीतला मोठा शेतकरी. तलावाच्या पोटाखाली त्याच्या बांध्याच बांध्या, स्वतःची राइस मिल, मोटारसायकल, आणि डोळ्यांवरचा काळा गॉगल, जो बोलताना तो कपाळावर ढकलतो. बायका त्याला तोंडावर भाऊ म्हणतात. तो वाईट माणूस आहे, असं म्हणायला जीभ रेटत नाही. मजुरी वेळेवर देतो, नजर सरळ आहे. फक्त बांधीत वाकलेली बाई त्याला बाई म्हणून दिसत नाही, हात म्हणून दिसते. आज किती हात आले, असंच तो विचारतो.

टोळीत पार्वताबाई नावाची एक ढिवरीण आहे. साठीकडे झुकलेली, बाकीचं वर्ष टोपलीत मासोळ्या घेऊन गावोगाव फिरते. स्वभावाने इतकी भिडस्त की भाव सांगतानाही आवाज खाली. त्या हंगामात एका सकाळी तिची कंबर धरली. ती कशीबशी धुऱ्यावर येऊन आडवी झाली. तेवढ्यात भुपेंद्र आला, गॉगल कपाळावर ढकलला आणि गाडीवरूनच म्हणाला, “काई होत नाई कंबरेले. नाटकं कायले करता? उठा.” आणि पार्वताबाई उठली. उठून बांधीत उतरली. रत्नमाला दुसऱ्या टोकाला पऱ्हे मोजत होती. तिला कळलं तोवर गाडी निघून गेली होती.

दुपारी मोहाखाली रत्नमालाने चिंचोके पार्वताबाईपुढे ठेवले. “आज तू मालक.”

“नको वो माय. मले नाई जमत.”

“भेव लागते ना त्याचं? मंग तूच.”

पहिले दोन-तीन दिवस पार्वताबाईच्या मालकाला आवाजच नव्हता. तो मालक बायकांनाच विचारायचा, आता मी काय म्हणू? बायका हसून लोळायच्या. मग एके दिवशी गोष्टीतली एक रोवणारी म्हणाली, मालक, माझी कंबर धरली, जरा बसते; आणि पार्वताबाईने दोन बोटांनी नसलेला गॉगल कपाळावर ढकलला. “काई होत नाई कंबरेले,” ती म्हणाली. “नाटकं कायले करता? उठा.” हुबेहूब तो आवाज. आधी हशा पिकला. मग हसणाऱ्या एकेक गप्प झाल्या, कारण पार्वताबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र मालकाचाच होता.

त्या दिवसापासून तिचा मालक बोलायला लागला. आणि बोलता बोलता ती त्याच्या आत शिरली. मालकाचं सोंग घ्यायचं तर मालक कशाला भितो, हेही शोधावं लागतं. पाऊस उघडला तर? पऱ्हे जून झाले तर? टोळी अर्ध्यावर सोडून दुसऱ्याकडे गेली तर? एकदा डाव संपल्यावर ती सगळ्यांना म्हणाली, “तो आपल्यापेक्षा जास्त भेतो वो. म्हनून वरडते.” एवढं वाक्य. पण ते ऐकल्यावर त्या गोलातली एकही बाई भुपेंद्रकडे पूर्वीसारखं पाहू शकली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. बायका उत्तरं द्यायला लागल्या. भांडत नव्हत्या, नुसतं उत्तर देत होत्या. भाऊ, पाणी प्यायला वर येते. भाऊ, हे पऱ्हे सडके आहेत, हे लावणार नाही. भाऊ, हात नाही म्हणायचं, माझं नाव जनाबाई. भुपेंद्र चक्रावला. काहून बापा एवढ्या बोलून राहिल्या या? त्याचं उत्तर त्याला ट्रॅक्टर चालवणाऱ्या विक्कीने दिलं. विक्कीला त्यात काही वाईट करायचं नव्हतं, त्याला नुसती गंमत सांगायची होती. भाऊ, ती मासोळ्यावाली म्हातारी तुमची काय नक्कल करते, तुम्ही पाहायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ऐन डावात गाडी मोहाखाली येऊन थांबली. भुपेंद्रने मातीतला नकाशा बुटाने पुसला. जोरात नाही, सहज, अंगणातलं काही पुसावं तसा.

“रत्नाबाई, माझ्या शेतात हे सोंगढोंग नाई पाहिजे. जेवन झालं का बांधीत उतराचं. तासबीस काई नाई. एक त हा खेळ, नाई त माझं शेत. तुमी ठरवा.”

रत्नमालाच्या तोंडाशी जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने ते गिळलं, कारण मागे पंधरा-सोळा बायकांच्या चुली होत्या. त्या संध्याकाळी ट्रॉलीत वाद झाला. गीताबाई म्हणाली, “सोड ना वो. खेळासाठी कोनी काम सोडते का? अर्धा हंगाम त्याच्याकडंच जाते.” खोटं काहीच नव्हतं त्यात. एक-दोघींनी मान हलवली. पार्वताबाई कोपऱ्यात बसून होती. ती पुटपुटली, “माझ्याचमुळं झालं.” रत्नमालाने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढे बोलली नाही.

पऱ्हे उपटून ठेवलेले होते. ते सडू देणं रत्नमालाला जमण्यासारखं नव्हतं. धानाने कोणाचं काय वाकडं केलं होतं? टोळी कामावर गेली. जेवण झालं की लगेच बांधीत. चंची कमरेला, पण बंद. आणि तास गेल्याबरोबर गोलही गेला. घाईघाईने चार घास खायला गोल कशाला लागतो? कोणी इकडे टेकली, कोणी तिकडे. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने पाहिलं, गीताबाई आणि दोघी डबा घेऊन बाभळीखाली बसल्या होत्या. गवत तुडवून, जागा करून. जवळ होतं म्हणून बसल्या असतील. पण रत्नमालाने हातातला घास डब्यात परत ठेवला. एवढ्या वर्षांनी जमलेला गोल एका बुटाने मोडला, आणि मोडणाऱ्याला आपण काय मोडलं याचा पत्ताही नाही. तिला रडू आलं नाही, संताप आला. शेत तुझं असेल, मजुरी तुझी असेल, पण दुपार तुझ्या बापाची आहे काय? तिने त्या क्षणी ठरवलं की हा तास ती परत घेणार. मागणार नाही, घेणार.

कसा घ्यायचा, हे तिला रोवणीच्याच रीतीने सुचवलं. शेवटची बांधी लावून झाली की बायका पऱ्ह्यांची एक मूठ राखून ठेवतात. मालक आला की ती मूठ त्याच्या पुढ्यात, धुऱ्यावर आडवी ठेवायची आणि वाट अडवायची. मालकाने काहीतरी द्यायचं. नोट दे, खाऊ दे, चहा दे. दिल्याशिवाय मूठ उचलायची नाही, आणि आपल्याच धानाच्या पऱ्ह्यांना ओलांडून जाणारा मालक अजून तरी या भागात कोणी पाहिला नाही. कितीही मोठा झाला तरी तो तिथे थांबतो. वर्षातून एवढा एकच क्षण असा, की मालक उभा असतो आणि वाट बायकांच्या हातात असते.

शेवटच्या दिवशी ऊन-सावलीचा खेळ चालला होता. शेवटची ओळ संपली आणि भुपेंद्र हसत हसत आला. हातात जिलेबीचं पुडकं, खिशात नोट. रीत त्यालाही ठाऊक. मागे विक्की. रत्नमालाने मूठ आडवी ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

भुपेंद्रने पुडकं पुढे केलं. तिने घेतलं नाही. त्याने नोट काढली.

“नोट नको,” ती म्हणाली.

“मंग काय पाहिजे?”

“एक डाव.”

गीताबाईने मागून तिचा पदर ओढला. रत्नमाला हलली नाही.

“रत्नाबाई, टाइम नाई मले.”

“मंग ओलांडा.”

सगळ्या बायका चिखलाने माखलेल्या, पदर खोचलेल्या, त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या. विक्कीही पाहत होता. भुपेंद्रने मुठीकडे पाहिलं, बांधीतल्या हिरव्या ओळींकडे पाहिलं. त्याचा बाप कधी ओलांडून गेला नव्हता. तो कसनुसं हसला, पँट वर ओढली आणि धुऱ्यावर बसला. “चला. दोन मिनटं.”

बायका गोल बसल्या. गीताबाई जरा वेळ उभी राहिली, मग तीही येऊन टेकली. रत्नमालाने चंची सोडली. “भाऊ, तुमी रोवनारी बाई. नाव ठेवा.”

भुपेंद्र अडला. त्याने गोलभर नजर फिरवली. इतकी वर्षं या बायका त्याच्याकडे येत होत्या आणि रत्नमाला, जनाबाई सोडल्या तर एकीचंही नाव त्याच्या तोंडी येईना. हे सगळ्यांनी पाहिलं. त्यालाही कळलं की सगळ्यांनी पाहिलं. मग बाईमाणसाचं जे नाव पहिल्यांदा आठवलं ते तो बोलून गेला.

“चंद्रभागा.”

चंद्रभागाबाई त्याची आई. जाऊन बरीच वर्षं झाली. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण रत्नमालाने डाव थांबवला नाही.

“चंद्रभागा, तू सकाळपासून बांधीत हायेस,” ती गोष्ट सांगायच्या आवाजात म्हणाली. “पाय पांढरे पडले. कंबर धरली. आता पाऊल उचलत नाई. तू धुऱ्यावर येऊन टेकली, आन् समोरून मालक आला.” तिने पार्वताबाईकडे पाहिलं. “मालक, काय करतं तू?”

पार्वताबाई उठून उभी राहिली होती. समोर खरा मालक बसलेला, आणि ती त्याच्या डोक्यावर उभी. तिने दोन बोटं कपाळाकडे नेली आणि गॉगल वर ढकलला.

“का वो,” ती म्हणाली. “बसली काहून?”

विक्की फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. भुपेंद्रचा चेहरा लाल झाला. पण खेळ असा असतो की एकदा बसलं की तोंड उघडावंच लागतं. “मालक,” तो म्हणाला, “माझी कंबर धरली. थोडं बसून उठीन.”

“काई होत नाई कंबरेले. नाटकं कायले करता? उठा.”

आता हशा झाला नाही. भुपेंद्रने घसा साफ केला. त्याला वाटलं असेल, हसून सोडून द्यावं. पण गडी हार मानणारा नाही, मिल चालवणारा आहे, बोलण्यात कोणाला ऐकायचा नाही. तो पुढे सरकून बसला. “नाटक नाई मालक. सकाळपासून सगळ्यांच्या पुढं लावलं मी. हे पाहा, माझी ओळ पाहा. घडीभर टेकली त संध्याकाळपर्यंत भरून काढीन. अशीच वाकून राहिली त उद्या येताच नाई येनार. तुमचंच नुकसान हाय.”

“चांगलं बोलली,” रत्नमाला म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं. “टाक चिंचोके.”

त्याने टाकले. दोन पांढरे. बोलणं पटलं होतं म्हणून एक चिंचोका पुन्हा टाकायला दिला. तोही तपकिरी पडला.

“नाई,” रत्नमाला म्हणाली. “उतर बांधीत.”

“अरे!” भुपेंद्र चिडला, अगदी खरा चिडला. “असं कसं? मी बरोबर बोललो ना! सगळं बरोबर बोललो!”

पार्वताबाईने हात खाली घेतला. गॉगल गेला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि स्वतःच्या आवाजात बोलली. तो आवाज आज खाली नव्हता.

“बरोबर त आमीबी बोलतो, भाऊ.”

“तुजी मायबी बरोबरच बोलत होती,” पार्वताबाई म्हणाली. “एका ओळीत होतो आमी दोघी. तुमची एवढुशी बांधी होती तवा. हे शेत तवा दुसऱ्याचं, इथं रोवाले जायची ती. तू पाठीशी बांधलेला. कंबर धरली का ती याच मोहाखाली टेकायची. तिलेबी उठा म्हनत होते.”

भुपेंद्रने मोहाकडे पाहिलं नाही. तो उठला, पँटचा चिखल झटकायचा विसरला, जिलेबीचं पुडकं गीताबाईच्या हातात दिलं आणि गाडीकडे निघाला. धुऱ्यावर ती मूठ अजून आडवी होती. तो तिच्यापाशी येऊन थांबला. ओलांडलं नाही. उभा राहिला. रत्नमालाने चिंचोके एकेक करून वेचले, पुसले, चंचीत टाकले, चंची कमरेला खोचली, आणि मग जाऊन मूठ उचलली. एवढा वेळ मालक उभा होता. पंधरा-सोळा बायकांनी ते डोळे भरून पाहिलं.

एकोडीत मात्र पुष्कळांनी नाकं मुरडली. रत्नमालाने टोळीच्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणाले. पुढच्या वर्षी भुपेंद्र बाहेरची टोळी आणणार, म्हणाले. तिचा नवरा अंकुश तसा शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, “आता काय करशील?” ती म्हणाली, “दुसऱ्याच्या बांधीत लावीन. बांध्या काय त्याच्या एकट्याच्या हायेत?” बोलायला बोलली. पण उन्हाळाभर तिच्या मनात धाकधूक होती, आणि भीती वाटते हे तिने स्वतःशी कबूल केलं. नियम तिचाच होता. म्हणून तिने रविवारच्या डावात काम गेलेल्या टोळीच्या बाईचं सोंग स्वतः घेतलं, चार वेळा हरली, पाचव्यांदा तिने करडी गावाकडे नवी शेतं मिळवली. त्याने खरं काही मिळालं नाही. झोप मात्र लागायला लागली.

नवीन रोवणी तोंडावर आली असताना एका रविवारी ओसरीवर डाव रंगात आला होता. मालक अर्थात पार्वताबाई. आता ते सोंग ती दुसऱ्या कोणाला देतच नाही. तिची पाळी आली, चिंचोके तिच्या हातात पडणार, एवढ्यात रत्नमालाचा फोन वाजला. तिने पाहिलं. भुपेंद्र.

“बोला भाऊ.”

“रत्नाबाई, पऱ्हे तयार हायेत. टोळी येते ना?”

रत्नमालाचा आवाज सरळ निघाला. “येते. दुपारचा तास आमचा राहीन. खेळू, झोपू, नाई त आभाळ पाहत बसू. तो मी इचारत नाई, सांगून राहिली.”

मग भुपेंद्र म्हणाला, “बरं. बसा मोहाखाली. पण तास जरा जास्त होते. अर्ध्यात भागत असन त पाहा.”

रत्नमालाने फोनवर हात ठेवला. गोलाकडे वळली. “मालक इचारून राहिला, अर्ध्या तासात भागते का?”

पार्वताबाईने मान वर केली. दोन बोटांनी गॉगल कपाळावर ढकलला.

“मालक त मी हावो,” ती म्हणाली. “त्याले म्हन, थांब. माझी पाळी हाय.”

रत्नमालाने फोन तोंडाशी धरला. “भाऊ, थांबा,” ती म्हणाली, आणि चालू फोन जमिनीवर ठेवून तिने पाचही चिंचोके पार्वताबाईच्या ओंजळीत टाकले.